काही आर्मेनियन कुटुंबं

मागच्या ऑक्टोबरपर्यंत माझी पक्की समजूत होती, की मी बोलायला उभी राहिले की प्रश्न सुटतो.

याला कारण होतं. नागपूरहून मिशिगनला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि पुढची पाच वर्षं वर्गात पाणी प्यायला जाऊ का, एवढंसुद्धा विचारायचे नाही. घसा कोरडा राहू दे, पण माझे उच्चार ऐकून कोणी वळून बघायला नको. मग दहावीत वर्गातल्या आन्याने मला हाताला धरून डिबेट क्लबात नेलं, आणि वर्ष संपायच्या आत आम्ही दोघींनी काउंटीची ट्रॉफी आणली. त्यानंतर मी थांबलेच नाही. जेवताना बोलायचे, दात घासताना बोलायचे. आई म्हणायची, हिच्यापेक्षा कुकर बरा, गॅस बंद केला की गप्प तरी होतो.

आमचं कार्वर हे गाव डेट्रॉइटजवळच्या नोव्हायपासून पंचवीस मिनिटांवर आहे. आता इथे बाबांसारखे गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनिअर राहतात; आमच्या गल्लीतल्या अकरा घरांपैकी सहा घरांवर दिवाळीत आकाशकंदील असतो. पण शंभर वर्षांपूर्वी हे फाउंड्रीचं गाव होतं. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम, आणि मागे नदीकाठी कामगारांची राहण्याजेवणाची घरं. ती फाउंड्री पाडून तिथे पार्क होणार होतं, आणि पार्कच्या फाटकाशी ब्रॉन्झची पाटी लागणार होती. पाटीवर काय लिहायचं ते ठरवणार गावाचं इतिहास मंडळ. सात माणसं, त्यांचे अध्यक्ष मिस्टर ग्रिसम.

मिस्टर ग्रिसम रिटायर्ड इतिहास शिक्षक. गावाच्या इतिहासावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली आहे, ती लायब्ररीत, न्हाव्याकडे, डेंटिस्टकडे, सगळीकडे पडलेली असते. तिच्यात फाउंड्रीच्या कामगारांबद्दल दीड पान आहे. त्यात आर्मेनियन हा शब्द नाही.

हे मला कळलं ते मिसेस तोरोसियनमुळे. शाळेतल्या हुशार मुलांच्या ऑनर सोसायटीसाठी मला चाळीस तास समाजसेवा करायची होती, म्हणून मी शनिवारी लायब्ररीतल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीत बसायचे. बरोबर अकरा वाजता मिसेस तोरोसियन वॉकर ढकलत यायच्या. वय एक्याण्णव. वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेले आणि पुढच्या टोपलीत डब्यातून आणलेला तीळ लावलेला गोड पाव. त्या कार्वरमध्येच जन्मल्या. त्यांचे वडील फाउंड्रीत होते. वडील आणि आई दोघंही तुर्कस्तानातल्या आर्मेनियन गावांमधली. १९१५ मध्ये तिथल्या आर्मेनियन लोकांना घरांतून हाकलून मारलं तेव्हा जी थोडी माणसं वाचली, त्यांतली. गावात आता त्या एकट्याच आर्मेनियन उरल्या होत्या आणि मुलगा त्यांना उन्हाळ्याआधी ॲरिझोनाला घेऊन जाणार होता. त्याआधी त्यांना एकच हवं होतं: पाटीवर तो शब्द.

भांडण साधनांचं होतं. मिस्टर ग्रिसमांकडे १९२० ची जनगणना होती. तिच्यात नदीकाठच्या घरांत एक्केचाळीस माणसं, जन्मदेश तुर्कस्तान. मातृभाषेच्या रकान्यात मोजणाऱ्या माणसाने पहिल्यापुढे तुर्की लिहिलं आणि खाली पानभर तसंच-तसंच म्हणून खुणा ओढल्या. झालं, म्हणे एक्केचाळीस तुर्क. मिसेस तोरोसियन म्हणायच्या, त्या माणसाने दारातूनच विचारलं असेल, जेवणाची वेळ असेल, कंटाळला असेल. शिवाय कितीतरी आर्मेनियन घरात तुर्कीच बोलायचे. त्यांच्याकडे १९१९ चं वर्तमानपत्राचं कात्रण होतं, त्यात ‘आर्मेनियन वस्ती, सुमारे तीनशे’ असं छापलेलं. ग्रिसम म्हणायचे, तेव्हाचे वार्ताहर सुमारे म्हणजे मनाला येईल ते लिहायचे. मिसेस तोरोसियनकडे आर्मेनियन लोकांच्या एका पिकनिकचा फोटोही होता. ग्रिसम म्हणायचे, त्यातली निम्मी डेट्रॉइटहून आलेली असतील. तीन वर्षं दोघांची पत्रापत्री चालली, टाइप केलेली, सभ्य, खाली सह्या. आणि शेवटी मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मिस्टर ग्रिसम एक पायरी खाली उतरले. पाटीच्या मसुद्यात त्यांनी लिहिलं: ‘इथे काम करणाऱ्यांत काही आर्मेनियन कुटुंबं होती.’

मिसेस तोरोसियनने तो कागद मला दाखवला तेव्हा त्या एवढ्या खूश होत्या, की त्यांनी पावाचे दोन तुकडे मला दिले.

मी म्हटलं, “काही? तुम्हाला चालतं हे, काही?”

“एक शब्द आला. एक शब्द पुष्कळ आहे मला.”

मला अजिबात पुष्कळ नव्हता. मी त्यांना समजावलं की ‘काही’ म्हणजे भीक. आपल्याला आकडा पाहिजे, आकड्यापुढे कोणी बोलू शकत नाही, डिबेटमध्ये पहिली गोष्ट हीच शिकवतात. मी सोळा वर्षांची होते आणि एक्याण्णव वर्षांच्या बाईला सांगत होते, की तुम्ही फार लवकर हार मानता. त्या हसल्या. पुढच्या शनिवारी येताना त्यांनी एक वही आणली.

काळ्या कापडाची, तळहाताएवढी. त्यांच्या आईची. बारा पानांवर आर्मेनियन अक्षरांत ओळीखाली ओळ नावं. त्या म्हणाल्या की मंडळापुढे तू बोलणार असशील तर ही वाच, मला आता मोठ्याने वाचवत नाही, आवाज थरथरतो. मग म्हणाल्या, “माझी आई दर वर्षी, ईस्टर झाला की...”

मी म्हटलं, हो, कळलं. आणि पाटीवर तीनशे हा आकडा कसा दिसेल ते सांगायला लागले. त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. ते वाक्य पूर्ण व्हायला तेव्हा दहा सेकंद लागली असती, हे मी नंतर अनेकदा मोजून बघितलं.

एका आठवड्यात मी आर्मेनियनची अडतीस अक्षरं शिकले. देवनागरीसारखीच, एका आवाजाला एक अक्षर. मला तर मजाच आली. पानांचे फोटो काढून रोज संध्याकाळी बसायचे. नाव वाचायचं, कागदावर रेघ मारायची, पाच रेघा झाल्या की आडवी काट. नावं वाचता येत होती, बाकीचे शब्द कळत नव्हते. प्रत्येक पानावर वर एकेक शब्द होता, तोही नावासारखाच. तेवढ्यात मिस्टर ग्रिसमांच्याच पुस्तिकेत मला सापडलं, की नदीकाठी कामगारांची अकरा घरं होती. वहीत पानं किती? पहिली अकरा सारखी, आणि बारावं वेगळं, कमी नावांचं. अकरा पानं, अकरा घरं. म्हणजे वरचा शब्द त्या त्या घराचं नाव! बारावं पान मी इतर म्हणून बेरजेतून वगळलं. बेरीज आली तीनशे बारा. कात्रणातले सुमारे तीनशे आणि माझे तीनशे बारा. मी आन्याला फोन करून किंचाळलेच.

त्याच आठवड्यात आमच्याकडे सर्वपित्री अमावस्या होती. बाबा दर वर्षी तर्पण करतात. नागपूरहून जगन्नाथ गुरुजी व्हिडिओवर सांगतात आणि बाबा ताम्हनात पाणी सोडतात. नावांची यादी मी टाइप करून दिली. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील, आईकडचे तीन, बाबांची चार वर्षांची असताना गेलेली आत्या, सगळी मिळून बावीस. प्रिंट काढून मी ती फ्रीजवर लावली, आणि तिच्याशेजारीच माझा तक्ता लावला, अकरा घरं, तीनशे बारा माणसं. दोन कागद, दोन मॅग्नेट, चार दिवस. दूध काढताना मी रोज दोन्ही बघत होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं होती. समोर छोटा सिग्नल असतो. हिरवा, मग पिवळा, मग लाल. मी लाल लागायच्या आत संपवलं. तक्ता फोमच्या बोर्डावर मोठा करून नेला होता. मंडळाला मी सांगितलं, की ‘काही’ हा शब्द इतिहासाचा अपमान आहे, तो मागे घ्या आणि तीनशे बारा लिहा. एका बाईने टाळ्या वाजवल्या. मिस्टर ग्रिसम म्हणाले, फार मेहनत घेतलीस, पानांचे फोटो देऊन ठेवशील का, आपण दोन आठवड्यांनी मतदान घेऊ. मी फोटोंच्या प्रिंटचं पाकीट दिलं. मिसेस तोरोसियन नव्हत्या. अंधार पडल्यावर त्या गाडी चालवत नाहीत, आणि त्यांना आणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

गावाच्या साप्ताहिकात माझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, की शाळकरी मुलीने शोधले हरवलेले तीनशे बारा आर्मेनियन. प्रिन्सिपलने सकाळच्या घोषणांमध्ये माझं नाव घेतलं. त्या संध्याकाळी आई म्हणाली की तुझ्या त्या मिसेस तोरोसियनचा माझ्या मोबाइलवर फोन आला होता, सेवेच्या फॉर्मवर माझाच नंबर आहे ना. त्यांना काहीतरी बोलायचंय, पेपर वाचून जरा अस्वस्थ वाटल्या. मी म्हटलं करते. दोन दिवसांनी आईने परत सांगितलं. मी म्हटलं, अगं करते ना. शनिवारी डिबेटची स्पर्धा होती म्हणून लायब्ररीत गेले नाही.

मतदानाच्या दिवशी बाबांनी त्यांना घरून घ्यायचं ठरलं. त्यांनीच आईला फोन करून विचारलं होतं, मला न्याल का. वॉकर घडी करून मागे टाकला, त्या पुढे बाबांशेजारी बसल्या, मी मागे, मांडीवर फोमचा बोर्ड. वही त्यांच्या पर्समध्ये होती. सिटी हॉल तिथून बारा मिनिटं.

पहिल्या सिग्नललाच त्यांनी विचारलं, आज नावं वाचशील का. मी म्हटलं, नावं ऐकून कोणी मत देत नाही, आज मी मोजणीची पद्धत समजावणार आहे.

त्यांनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. मग न वळता म्हणाल्या, “ती माणसं इथे कधी आलीच नाहीत, नेत्रा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी सावकाश सांगितलं. पानाच्या वरचे शब्द म्हणजे गावं. तिकडची अकरा गावं, आईची, वडिलांची, मावशांची, शेजारची. खालची नावं म्हणजे त्या त्या गावातली गेलेली माणसं, १९१५ ची. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्यांच्यात मेलेल्यांची आठवण करतात. चर्च लांब होतं, म्हणून आई स्वयंपाकघरातच मेणबत्ती लावून वही वाचायची, आणि शेवटचं नाव होईपर्यंत कोणी जेवायचं नाही. बारावं पान तेवढं कार्वरचं. फ्लूमध्ये गेलेले, भट्टीत भाजलेले, बाळंतपणात गेलेली एक. अठरा.

“मी म्हटलं होतं वाच. मोज असं मी म्हटलं नव्हतं.”

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाले, “सर्वपित्रीची यादी आहे गं ती.”

मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा नाही, पण त्या वर्षात पहिल्यांदाच.

“आत गेल्या गेल्या आधी हे सांगून टाक,” बाबा म्हणाले. “चूक झाली म्हणायचं. अठरा खरे आहेत, त्यांचं सांग. संपलं.”

“बघते,” मी म्हटलं.

आता खरं लिहायचं तर पुढची सात मिनिटं मी काय बघितलं ते लिहायला पाहिजे. मी साप्ताहिकातला फोटो बघितला. सकाळच्या घोषणा ऐकल्या. सभागृहात शिरले तर आन्या आणि डिबेट क्लबमधली सहा मुलं तिसऱ्या रांगेत, एकीच्या हातात मार्करने लिहिलेलं ३१२. मी स्वतःला सांगितलं, की तीनशे बारा खरेच तर आहेत, माणसं खरी होती, मेली हे खरं आहे, फक्त जागा जरा वेगळी. मी असंही सांगितलं, की ग्रिसमांना आर्मेनियन वाचता येत नाही. हे सगळं सात मिनिटांत. डिबेटमध्ये आम्हाला कुठलीही बाजू द्या, सात मिनिटांत तयार करतो.

मिसेस तोरोसियन पहिल्या रांगेत बसल्या, वॉकर पुढ्यात, पर्स मांडीवर. बाबा त्यांच्याशेजारी.

माझं नाव पुकारलं. हिरवा दिवा लागला. मी मोजणीची पद्धत समजावली. पाच रेघा, आडवी काट, पान, बेरीज. ठणठणीत आवाजात. पिवळा लागला तेव्हा मिस्टर ग्रिसमांनी हात वर केला आणि विचारलं, एक प्रश्न विचारू का. ते कधीच आवाज चढवत नाहीत.

“वहीतली ही माणसं कार्वरमध्ये राहत होती, असं तुझं म्हणणं आहे?”

मी पहिल्या रांगेकडे न बघता म्हटलं, “हो.”

“सगळी?”

“आमच्याकडच्या साधनांवरून, हो.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खरंच सांगते, त्यांना आनंद झालेला दिसला नाही. फाइलमधून त्यांनी एक पत्र काढलं. पानांचे फोटो त्यांनी डेट्रॉइटकडच्या एका आर्मेनियन चर्चच्या पाद्रींना पाठवले होते आणि उत्तर त्याच सकाळी आलं होतं. ते त्यांनी पूर्ण वाचलं, एकही वाक्य न गाळता. पहिल्या पानाच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलंय, दिवंगतांच्या सोमवारी वाचावयाची नावं. वरचे शब्द गावांचे. शेवटच्या पानावर, कार्वर येथे निवर्तलेले, अठरा. पत्राच्या शेवटी पाद्रींनी लिहिलं होतं, ही वही ज्यांच्याकडे आहे त्यांना आमच्याकडून नमस्कार सांगा, आणि ईस्टरनंतर आम्ही ही नावं आमच्या चर्चमध्ये वाचली तर त्यांना चालेल का.

लाल दिवा लागलेलाच होता. कोणी तो बंद केला नाही.

फुलांचं दुकान असलेल्या एक बाई मंडळात आहेत. त्या म्हणाल्या, पण ते अठरा तर आपलेच ना, मग ‘काही आर्मेनियन’ राहू द्या की. दुसऱ्या एका सभासदाने सांगितलं, की जी वही एकदा आपल्यापुढे खोटी करून मांडली, तिच्यातलं अर्धं पान खरं मानायचं कसं. आता कोणाचंही सांगणं नको, कात्रण नको, फोटो नको, सरकारी कागदात असेल तेवढंच लिहा. मिस्टर ग्रिसमांनी पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं. मग म्हणाले, हे मला वाटत होतं त्यापेक्षा कडक आहे, पण नियम म्हणून योग्य आहे. तोच ठराव झाला, चार विरुद्ध तीन. चौथं मत त्यांचं.

मतदानाआधी त्यांनी विचारलं होतं, वहीच्या मालकीणबाईंना काही बोलायचंय का. मिसेस तोरोसियन वॉकरला धरून उठल्या. त्यांनी पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. म्हणाल्या, “माझं सगळं तीन वर्षांच्या पत्रांत लिहिलेलं आहे,” आणि बसल्या.

क्लार्कने मला पाकीट परत दिलं. डिबेटची मुलं कधी गेली मला कळलं नाही. ३१२ चा कागद खुर्चीवर पडला होता. बाबांनी तो घडी करून खिशात घातला, कचऱ्यात टाकला नाही.

आम्ही मिसेस तोरोसियनना घरी सोडायला निघालो. त्यांच्या दाराशी बाबा वॉकर उघडायला मागे गेले, तेव्हा मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सॉरी म्हटलं. मी रडत होते. माझं रडणं बघत त्यांनी पाकीट पर्समध्ये घातलं.

“फोनमधले फोटो काढून टाक.”

मी त्यांच्यासमोर काढले. बारा पानं, एकेक करून.

“तुला तीन मिनिटं होती,” त्या म्हणाल्या. “दोनदा. तीन मिनिटांत चाळीस नावं होतात. माझी आई तेवढ्यात चाळीस करायची. ऐंशी जणांची नावं त्या खोलीत कोणीतरी घेतली असती.”

बाबांनी त्यांना हात दिला. त्या दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता आत गेल्या. थँक्यू त्यांनी बाबांना म्हटलं.

त्यानंतर शनिवारी अकरा वाजता कोणी आलं नाही. मार्चमध्ये त्यांचं घर विकायला काढलं; मुलगा येऊन घेऊन गेला. मला वाटलं होतं जाताना निरोप येईल. का वाटलं होतं कोण जाणे. आईने एकदा त्यांच्या नंबरवर फोन लावला, तर तो बंद झाला होता. आई म्हणाली, मी दोनदा सांगितलं तेव्हा तू त्यांना फोन केला असतास तर. एवढंच, नंतर परत कधी काढलं नाही. पण त्या दिवसानंतर तिने मला कुकर म्हणणंही बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

शाळेतल्या कौन्सेलर बाईंनी मला बोलावलं. मला वाटलं शिक्षा. तर त्या म्हणाल्या, तुझ्याकडे कॉलेजच्या अर्जासाठी सोन्यासारखा विषय आहे. अपयशातून मी काय शिकले, सगळी कॉलेजं हेच विचारतात. साडेसहाशे शब्दांत बसव, शेवट जरा आशेचा कर. मी विचार करते म्हटलं. अर्ज तिसऱ्याच विषयावर पाठवला, आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर.

पाटी मे महिन्यात लागली. मी एकटी सायकलने गेले. फाटकाशीच आहे, ब्रॉन्झ अजून नवं, डोळ्यांवर येतं. फाउंड्री कधी सुरू झाली, किती टन लोखंड, युद्धात काय बनवलं. आणि खाली: ‘१९२० च्या जनगणनेनुसार येथील कामगारांपैकी एक्केचाळीस जणांचा जन्म तुर्कस्तानात झाला होता.’ आधी पाटीवर आकडा नव्हताच. आकडा मी मागितला होता.

तिथे एक मराठी काका मुलाला सायकल शिकवायला आले होते. पाटी वाचून मुलाला म्हणाले, बघ, इथे आधी टर्कीचे लोक राहायचे. मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? कुठल्या साधनावरून? सायकलचं स्टँड काढलं आणि घरी आले.

परवा सर्वपित्री झाली. या वेळी यादी बाबांनी स्वतःच टाइप केली. मी शेजारी बसून दर्भ हातात देत होते. स्क्रीनवर जगन्नाथ गुरुजी, मागे त्यांच्या घरातला पंखा. बावीस नावं झाली. मग ते नेहमीचं आलं, ज्यांचं कोणी नाही, ज्यांची नावं कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी. बाबांनी पाणी सोडलं. गुरुजी म्हणाले, पुढचे यजमान साडेनऊला आहेत, मिनिटभर हातात आहे, अजून कोणाचं नाव घ्यायचं असेल तर घ्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पळी माझ्या बाजूला केली.

वहीतली नावं मी सगळी वाचली होती. एकूण एक, मोठ्याने, माझ्या खोलीत. नाव वाचायचं, रेघ मारायची. पहिल्या पानावर सत्तावीस. दुसऱ्यावर एकतीस. तिसऱ्यावर एकोणीस, आणि शेवटच्यावर अठरा. पानांचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत, नाव एकही नाही.

गुरुजी थांबले होते. मी मान हलवली, नाही म्हणून.